परतसांग आत्या

माझ्या आत्याला तिच्या संस्थेतले लोक पाठीमागे ‘परतसांग’ म्हणतात. पाठीमागे म्हणजे तिला माहीत नाही असं नव्हे. तिला सगळं माहीत असतं, आणि त्या नावावर ती थोडा भावही खाते.

संस्था म्हटल्यावर फार मोठं काही डोळ्यांपुढे आणू नका. एका जुन्या इमारतीचा तळमजला. पुढच्या खोलीत दोन टेबलं आणि एक फोन. मागच्या खोलीत लोखंडी खाटा, चाकाच्या खुर्च्या, कुबड्या, ऑक्सिजनची मशीनं आणि भिंतीला साखळीनं बांधलेले सिलिंडर. ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे आणि हे विकत घेण्याची ऐपत नाही, त्यांनी न्यावं आणि गरज संपली की आणून द्यावं. गाडी एकच, तीही चढावर कुरकुरणारी.

आत्या आधी हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरची सिस्टर होती. तिथे डॉक्टरांनी औषध मागितलं की सिस्टरनं त्याचं नाव नि मात्रा मोठ्यानं म्हणून दाखवायची, डॉक्टर ‘हो’ म्हणाले की मगच हातात द्यायचं. निवृत्त झाल्यावर तिच्या बरोबरीच्या सिस्टर आपापले गुडघे सांभाळत घरी बसल्या. ही मात्र डबघाईला आलेली ही संस्था चालवायला घेऊन बसली, आणि येताना ती सवयही बरोबर घेऊन आली. कुणालाही काम सांगून झालं की ती थांबते, चष्मा कपाळावर चढवते आणि म्हणते, “आता परत सांग.” ऐकणाऱ्यानं आपल्या शब्दांत सांगायचं, आणि जिथे अडेल तिथे सरळ ‘मला हे कळलं नाही’ म्हणायचं. तसं म्हणणाऱ्याला तिथे कुणी हसत नाही. “हो हो, कळलं” म्हणून पळणाऱ्याची मात्र ती पाठ सोडत नाही.

घरीही तेच. मी भाजी आणायला निघाले की पिशवी हातात देऊन मला उभं करायची. आतोबा हयात असताना म्हणायचे, “मी लग्नाला हो म्हटलं, तेव्हाही हिनं परत सांगायला लावलं होतं. तेव्हाच सावध व्हायला हवं होतं मी.” आत्या म्हणायची, “सांगितलंत ना पण? मग झालं तर.”

मी एका मोठ्या कंपनीत नोकरी करते. आमच्याकडे दरवर्षी संवादकौशल्याचं शिबिर भरतं. गुळगुळीत कागदांवर बाण आणि वर्तुळं काढलेली असतात. शिबिर संपलं की आमचे साहेब आपल्या खोलीत जातात, दार लावून घेतात आणि आम्ही पुन्हा मूग गिळून बसतो. म्हणून शनिवारी सुट्टी असली की मी आत्याच्या संस्थेत जाऊन फुकट राबते. तिथे निदान माणसं एकमेकांशी बोलतात.

त्या शनिवारच्या आदल्या संध्याकाळी आत्यानं चहा गाळता गाळता सांगितलं, “उद्या अध्यक्ष येणार आहेत. मला नारळ देणार.”

“कशावरून?”

“वय झालंय म्हणतात. चुका होतात म्हणतात. समितीत बोलणं झालंय सगळं.” कप माझ्यापुढे ठेवून तिनं गाळणं धुतलं. मग म्हणाली, “घरी बसून मी करू काय गं?”

तिला असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. आतोबा गेल्यावर संस्थेनंच तिला उभं धरलं होतं, आणि आता तीच काढून घेणार होते.

अध्यक्ष म्हणजे पंख्यांच्या कारखान्याचे मालक. माणूस वाईट नाही. संस्था अडली की मदत करणारे तेच. पण आयुष्यभर हुकूम सोडण्याची सवय, त्यामुळे साधं “पाणी द्या” म्हटलं तरी समोरचा दचकतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले आणि खुर्ची पुढे केली तरी उभेच राहिले.

“सिस्टर, जरा बोलायचं होतं.”

“बोलू या साहेब. आधी एवढी गाडी सुटू दे.”

गाडीची घाई खरीच होती. त्या दिवशी दुरुस्तीसाठी शहरातली वीज जाणार होती, टेकडीवरच्या वस्तीत सकाळी आणि खालच्या बाजारपेठेत दुपारनंतर. दोन्हीकडे आमची मशीनं होती. वीज गेली की मशीन बंद, आणि मशीन बंद म्हणजे त्या माणसाचा श्वास बंद. म्हणून वीज जाण्याआधी घरोघरी सिलिंडर पोचायला हवे होते. टेकडीवर एक म्हातारे शिंपीकाका होते. त्यांचं मशीन थोडा वेळ जरी थांबलं तरी त्यांचे ओठ निळे पडत.

आत्या बोलायला लागली. समोर ड्रायव्हरदादा, मशीन जोडून देणारा मिस्त्री आणि फोनवर बसणारी मुलगी. तिचं तिथलं नाव कुजबुज. आधी ती कापडाच्या दुकानात होती. तिथल्या मालकानं खेकसून खेकसून तिचा आवाज पार घशातच कोंडला होता. इथे आली तेव्हा फोन उचलून ती काय बोलते हे पलीकडच्यालाच काय, शेजारच्या टेबलालाही ऐकू यायचं नाही. तरी आत्यानं तिला फोनवरून हलवलं नाही. “आवाज आहे तिला,” म्हणायची, “फक्त बाहेर यायला घाबरतोय.”

“टेकडीवर सकाळी वीज जाईल, बाजारात दुपारनंतर,” आत्या म्हणाली. “गाडी आधी बाजारात जाईल. तिथलं उरकून मग टेकडीवर. कुजबुज, तू सगळ्या घरी फोन करून गाडी कधी येईल ते कळव. आता परत सांग.”

कुजबुजनं ओठांवरून जीभ फिरवली. “टेकडीवर वीज आधी जाणार. बाजारात नंतर. गाडी आधी बाजारात...” आणि ती थांबली.

“पुढे?”

“ताई, मला...”

“अगं, त्या सांगतायत तसं कर ना!” अध्यक्षांनी मध्येच तोंड घातलं. “वेळ कशाला घालवतेस? रोग्यांचा जीव टांगणीला लागलाय, आणि इथे उजळणी चाललीये!”

कुजबुजचा चेहरा पांढरा पडला. मिस्त्री जमिनीकडे बघायला लागला. माझ्या ऑफिसात मी हे हजारदा पाहिलंय. यानंतर माणूस मान डोलावतो आणि चुकीच्या कामाला लागतो.

आत्या मात्र अध्यक्षांकडे वळली. आवाज चढवला नाही, पण थिएटरमध्ये असेल तसा तो स्वच्छ होता. “साहेब, थांबा. तिचं बोलून व्हायचंय.” मग कुजबुजकडे बघून म्हणाली, “बोल गं. घाई नाही.”

घाई होती. सगळ्यांना माहीत होतं घाई आहे.

“ताई, मला हे जुळत नाही,” कुजबुज म्हणाली, आणि या वेळी ते दारापर्यंत ऐकू गेलं. “टेकडीवर वीज आधी जाणार, आणि गाडी तिथे नंतर पोचणार. मग मधे शिंपीकाकांनी काय करायचं?”

आत्यानं चष्मा खाली ओढला, फळ्यावरची यादी पाहिली.

“मी चुकले,” ती म्हणाली. “उलटं सांगितलं मी. गाडी आधी टेकडीवर. दादा, तुम्ही सांगा बघू आता.” ड्रायव्हरदादांनी सांगितलं, मिस्त्रीनं सांगितलं, आणि गाडी गेली. सगळं मिळून चहा थंड होण्याइतकाही वेळ लागला नाही.

अर्ध्या तासानं, कुजबुजचे घरोघरचे फोन करून झाल्यावर, अध्यक्ष बसले. “बघितलंत ना सिस्टर? मी हेच बोलायला आलो होतो. मला वाईट वाटतं, पण चुका होतात तुमच्या.”

अध्यक्षांनी कुजबुजला विचारलं, “अशा चुका नेहमी होतात का यांच्या?”

“होतात की,” कुजबुज म्हणाली.

मी डोळे मिटले. संपलं म्हटलं सगळं.

“मागच्या महिन्यात खाट दुसऱ्याच घरी पाठवत होत्या. दादांनी सांगितलं. त्याआधी मिस्त्रींनी एकदा चूक धरली होती. माझ्याही होतात, ताई धरतात.” ती अध्यक्षांकडे वळली. “साहेब, तुमच्या कारखान्यात तुमच्या चुका कोण धरतं?”

हे उद्धटपणानं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. अध्यक्षांनी छताकडे बघितलं, रुमाल काढला, परत खिशात ठेवला. मला वाटतं, ते मनातल्या मनात एकेक माणूस आठवून बघत होते, आणि त्यांना एकही सापडत नव्हता.

तेवढ्यात फोन वाजला. शिंपीकाकांची सून होती. वीज आत्ताच गेली, सिलिंडर लागलाय, बाबा उशीला टेकून बसलेत आणि चहा मागतायत. कुजबुजनं हे मोठ्यानं सांगितलं तेव्हा आत्यानं पदरानं डोळे पुसले. मला तर रडूच फुटलं.

अध्यक्ष नारळाचं एक अक्षर पुढे बोलले नाहीत. निघायला उठले आणि म्हणाले, “सिस्टर, माझ्याकडे सोमवारी सगळे मुकादम जमतात. माझ्यासमोर कुणी तोंड उघडत नाही. तुम्ही येऊन हे शिकवाल का त्यांना?”

मी मनातल्या मनात आत्याची चांगली साडीसुद्धा काढून ठेवली होती. पण आत्या म्हणाली, “मी नाही येणार. हिला न्या.”

“मी?” कुजबुज उठूनच उभी राहिली. “ताई, मी काय शिकवणार त्यांना?”

“आज काय केलंस ते सांग. किती घाबरली होतीस, तेही सांग. लपवू नकोस.”

“आणि फोन?”

“फोन मी घेईन.”

सोमवारी मी ऑफिसात खोटं कारण सांगून रजा टाकली, फक्त बघायला. अध्यक्षांची लांबलचक गाडी दाराशी आली. कुजबुज मागे बसायला गेली, तर अध्यक्षांनी स्वतः उतरून तिला पुढचं दार उघडून दिलं. ती खिडकीतून हात हलवत गेली. मला इतका अभिमान वाटत होता, की रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही थांबवून सांगावं, त्या तळमजल्यावर बसलीये ना, ती माझी आत्या आहे.

ती आत फोनच्या टेबलाशी खुर्ची सरकवून बसली होती, संस्थेची प्रमुख, हाती पेन्सिल घेऊन, पहिल्या फोनची वाट बघत.