चांगल्या गुडघ्यावरची पट्टी

केळझरच्या भाजीवाल्या मावशीनं मला मैदानातून उचलून नेलं. हे आधीच सांगून टाकतो. पुढं जे आहे त्यात मारामारीच जास्त, आणि त्या गोंधळात तिचं सांगायचं राहून जाईल अशी धाकधूक मला लिहायला बसल्यापासून आहे.

मावशी नात्यातली नाही. केळझरला तिचा मळा, वांगी, टमाटर, पालक, आणि बाजाराच्या दिवशी ती सिंदीला येऊन बसायची. सकाळी टेम्पोतून तिचे क्रेट मी उतरवायचो आणि न्याहारी तिच्याच डब्यातली खायचो. पण सिंदीला मला आणलं होतं ते कबड्डी खेळायला.

मी मेळघाटच्या पायथ्याचा. सातवीनंतर शाळा सुटली. नव्वदचं दशक संपत आलं होतं, तेव्हा तिकडच्या एका सामन्यात सिंदीच्या एका कापूस व्यापाऱ्यानं मला पाहिलं आणि सोबत आणलं. आम्ही त्याला सेठ म्हणायचो. दिवाळी झाली की वर्धा जिल्ह्यात गावोगाव सामने लागायचे. सेठची स्वतःची टीम होती आणि त्यासाठी तो बाहेरचे खेळाडू पोसायचा. त्याच्या कापसाच्या जिनिंगच्या मागं खोली, दोन वेळचं जेवण, खेळ चांगला झाला तर हातावर काही.

मी रेडर होतो. समोरच्या सात जणांत एकट्यानं शिरायचं, कुणाला तरी शिवायचं आणि मधल्या रेषेवर परत यायचं, एवढंच काम. पण ते सात जण तुम्हाला परत जाऊ द्यायला उभे नसतात. कोपऱ्यातला घोटा धरतो, दुसरा मांडीत डोकं घालतो, आणि नंतर वरून जे पडतात ते धरायला नाही, दाबायला पडतात. पहिल्याच वर्षी माझा पुढचा दात गेला. नाकाचं हाड कधी वाकडं झालं ते आठवत नाही. मीही काही कमी नव्हतो. मागं लाथ घालून एकाचा ओठ फाडला होता, आणि खरं सांगायचं तर तेव्हा बरं वाटलं होतं. मार खायची भीती नव्हतीच. भीती एकच, एखाद्या दिवशी सेठ म्हणेल, आता घरी जा. घरी जाऊन करायचं काय?

दुसऱ्या हंगामात उजवा गुडघा बिघडला. वळताना तो जागेवरून निसटायचा आणि संध्याकाळी सुजून भोपळा व्हायचा.

बाजारातल्या पानठेल्यावर सामन्यांच्या दिवसांत एक खेळ चालायचा. स्पर्धेतल्या सगळ्या टीममधून ज्यानं त्यानं आपल्या पसंतीचे सात खेळाडू निवडायचे. ज्याचे सात जण मैदानावर जास्त गुण आणतील तो जिंकला, आणि हरलेल्यानं सगळ्यांना तर्री-पोहे खाऊ घालायचे. पहिल्या वर्षी मला घेण्यावरून तिथं भांडणं झाली होती. गुडघ्याची बातमी फुटल्यावर मी समोर उभा असतानाच माझा भाव ठरू लागला.

"याले घेतं का बे?"

"दोन सामने चालते. तिसऱ्यात लंगडते."

"मंग राखीव ठेव. एखादा पडला तर काढू."

"हळू बोल ना, तो इथंच उभा आहे."

"तेच पाहून राह्यलो, किती वेळ उभा राह्यते."

सगळे हसायचे, मीही हसायचो. पण सेठही पान खायला त्याच ठेल्यावर यायचा. ते बोलणं त्याच्या कानावर जात असणार म्हणून मला घास गोड लागत नव्हता.

शेवटी सेठनंच उपाय काढला. कबड्डीत पट्टी बांधलेला पाय दिसला की समोरचे त्याच पायावर जातात. त्यात कुणाला पाप वाटत नाही, ती रीतच आहे. सेठ म्हणाला, "पट्टी डाव्याले बांध. उजवा उघडा ठेव. जाऊ दे सगळ्याइले डाव्यावर."

डावा माझा चांगला पाय होता. मी त्याला जाड पट्टी गुंडाळली, मैदानात शिरताना तोच ओढत चालायला शिकलो. आणि ते जमलं. सगळे डाव्यावर तुटून पडायचे, मी त्याच डाव्याच्या जोरावर सुटून रेषेकडं झेपावायचो. ठेल्यावर माझा भाव पुन्हा चढला. "डावा गेला म्हणत होते, पण पोट्टा खेळून राह्यला," असं लोक बोलू लागले. मला वाटलं, आपण सगळ्यांना बनवलं.

मावशीला मात्र बनवता आलं नाही. क्रेट उतरवताना तिनं पाहिलं.

"काऊन रे, ओढतं उजवा अन् पट्टी डाव्याले?"

मी हसत हसत सगळं सांगितलं. ती हसली नाही.

"म्हंजे एक मोडला, म्हणून दुसरा मार खायले दिला."

"होळीपर्यंतच आहे, मावशी."

"तुह्या मायले माहीत आहे का हे?"

मी क्रेट उचलला आणि आत गेलो. आईला मी सिंदीत दुकानात नोकरी करतो असं माहीत होतं.

होळीच्या आधी वडनेरला सामने होते. उपांत्य सामना दुपारी लागला. समोरच्या टीमच्या कोपऱ्यात एक भुवई फाटलेला, जाड दंडाचा माणूस होता. पहिल्याच रेडला त्यानं डाव्या गुडघ्यावर खांदा मारला. दुसऱ्या रेडला टाचेनं. प्रत्येक वेळी मी सुटून आलो, पण डावा आता खोटा लंगडत नव्हता. पूर्ण हंगाम सगळ्या जिल्ह्याचा मार त्यानं एकट्यानं खाल्ला होता, आणि हे मला तिथं, माती तोंडात असताना कळलं. दोन्ही पायांत आता भरवशाचा एकही नव्हता.

"जा," सेठ कडेवरून म्हणाला. "एक रेड आणखी."

मी गेलो. त्या माणसानं घोटा नाही धरला, पट्टीच मुठीत धरली आणि पिळली. त्याच वेळी दोघं माझ्या पाठीवर आले. कापसाच्या ओल्या पऱ्हाटीचा बुंधा पिळला तर तो मोडत नाही, सोलून निघतो. आत तसंच काहीतरी सोलून निघालं. पाहिलं तर गुडघ्याखालचा पाय भलत्याच बाजूला तोंड करून होता.

पकड बरोबर की चूक यावरून दोन्हीकडच्यांत जुंपली. खुर्च्या उडाल्या. माझ्या अंगावरून माणसं पळत होती, एकाची टाच माझ्या बोटांवर पडली. सेठ आला तो हाड बसवणाऱ्या पहिलवानाला घेऊन.

"झटका दे," सेठ म्हणाला. "बसते. उद्या फायनल आहे."

दोघं माझ्या छातीवर बसले. पहिलवानानं माझ्या जांघेत पाय रोवून माझा पाय ओढला. माझी जीभ दाताखाली आली, तोंड रक्तानं भरलं. पाय बसला नाही. तो पुन्हा घोटा धरू लागला.

तेवढ्यात मावशी आली. हिंगणघाटला माल टाकून ती वडनेरला बहिणीकडं थांबली होती. बायका तिकडं मैदानात उतरत नाहीत, आणि चपलेनं तर कुणीच नाही, मातीला हात लावून शिरायची रीत. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "बाई, चप्पल काढ."

तिनं काढली, आणि पहिलवानाच्या मनगटावर हाणली. मग दुसऱ्यांदा, तोंडावर. त्यानं पाय सोडला.

सेठ म्हणाला, "मावशी, माहा खेळाडू आहे तो. मी पोसलं त्याले."

"पोसलं ना, मंग पोट तुहं. पाय कसा तुहा झाला?"

"तुमचा कोण लागते हा?"

"माहे क्रेट उतरवते," मावशी म्हणाली. "सरक."

सेठनं तिचा हात धरून बाजूला लोटलं. ती गुडघ्यावर पडली, कोपर सोलवटलं, उठली, आणि माझ्या छातीवरच्या एकाचे केस धरून त्याला मागं ओढलं. टेम्पोचा ड्रायव्हर तिच्या मागं होताच. दोघांनी मला बारदानावर घेतलं. जाताना टेम्पोवर दगड पडले, समोरची काच गेली. वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यापर्यंत मावशी माझा पाय दोन रिकाम्या क्रेटमध्ये अडकवून, वरून धरून बसली. प्रत्येक खड्ड्याला मी तिला शिव्या दिल्या. ती म्हणायची, "दे."

डॉक्टर म्हणाले, गुडघ्यामागची रक्ताची नळी कशीबशी वाचली आहे, आणखी एक झटका बसला असता तर पाय कापावा लागला असता.

सेठ दवाखान्यात आला नाही. ठेल्यावर पुढच्या स्पर्धेला माझं नाव कुणी घेतलं नाही असं ड्रायव्हरनं सांगितलं. त्याला वाटलं मला वाईट वाटेल. मला तेव्हा फक्त पायाची बोटं हलतात की नाही हे पाहायचं होतं. पावसाळा येईपर्यंत मी मावशीच्या मळ्यातल्या खोलीत होतो. तिनं मला न्हाऊ घातलं, माझं घाणपाणी काढलं. आईला खरं सांगणारं पत्रही तिनंच आपल्या पोराकडून लिहवून घेतलं, मी नको नको म्हणत असताना.

आता मी सुरतेला एका गिरणीच्या फाटकावर राखणीला बसतो. चालतो, वाकडा चालतो, पण दोन्ही पायांनी. फोन केला की मावशी म्हणते बरी आहे, आणि मग खोकते. मळ्यात आता ती एकटीच आहे, पोरगा पुण्याला गेला. हे ऐकल्यापासून मला झोप नीट लागत नाही. उशीर होईल की काय, हीच भीती.

मावशी, मी येणार आहे. बघायला नाही, एक पूर्ण हंगाम राहायला. लावणीपासून शेवटच्या तोडणीपर्यंत मळा मी पाहीन, बाजारात मी बसेन, आणि तू नुसती बाजेवर बसून मला शिव्या द्यायच्या. रजा मागून ठेवली आहे. नाही मिळाली तर नोकरी सोडून येईन.