तीन अक्षरांचा नमुना

ती घटना आठवली की मी विषय बदलतो. घरच्यांनाही ते ठाऊक आहे. चोऱ्या, दरोडे, खाडीकाठच्या धाडी यांच्या गोष्टी मी चवीने सांगितल्या. ही एक कधी सांगितली नाही. आता सांगतो.

ऐंशीच्या दशकात रत्नागिरी जिल्ह्यात, लांज्याच्या बाजूला, हायवेवरच्या एका बाजारगावी मी फौजदार होतो. गावाबाहेर काजूचा कारखाना होता. तिथल्या शेडला दुपारच्या सुट्टीत आग लागली आणि आत राहिलेली एक कामगार बाई धुराने गुदमरून मेली. पंचनामा मी केला. 'शेडचे दार उघडे होते, मयत गोंधळून विरुद्ध दिशेस गेली असावी' असं लिहिलं, अकस्मात मृत्यूची नोंद केली आणि कागद वर पाठवले.

पुढे जिल्ह्याच्या ठिकाणाहून एक निनावी अर्ज चौकशीला आला. इंग्रजीत, टाइप केलेला. सुट्टीत कोणी काजूगर उचलू नये म्हणून शेडला बाहेरून कुलूप घालतात, त्या दिवशीही आत कोणी आहे का हे न बघता घातलं, आणि हे पोलिसांना ठाऊक आहे, असा त्यातला मजकूर. ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याकडेच चौकशी, यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

कारखान्याचे शेट ठाण्यात येऊन खुर्ची ओढून बसले. "फौजदारसाहेब, अर्ज माझ्यावर आहे, पण पंचनाम्याखाली सही तुमची. हा इंग्रजी शिकलेला कोण, जरा बघा."

मी अर्ज भिंगाखाली धरला. जीचं शेपूट तुटलेलं, एच ओळीच्या वर उडालेला, डब्ल्यूच्या पोटात शाई भरलेली. गावातल्या प्रत्येक टाइपरायटरचा नमुना घ्यायचा ठरवलं. पण अर्जातला मजकूर टाइप करायला लावला असता तर बभ्रा झाला असता. तिन्ही अक्षरं ज्यात येतात असे दोन-चार साधे शब्द हवे होते. माझं इंग्रजी मॅट्रिकपुरतं. म्हणून मी टायपिंग क्लासच्या मास्तरांकडे गेलो. कशासाठी ते सांगितलं नाही.

"मास्तर, जी, एच आणि डब्ल्यू, तिन्ही असलेले शब्द द्या."

मास्तर हसले. "शब्दकोडं भरताय की काय साहेब? बक्षिसात रेडिओ लागला तर आम्हालाही गाणी ऐकवा."

"द्या तर खरं."

"लाइट. ब्राइट."

"डब्ल्यू कुठाय?"

"हां. मग ग्रोइंग घ्या."

"त्यात एच नाही."

"व्हाइट?"

"आता जी गेला, मास्तर."

दर शब्दात एक अक्षर कमी. पोरांकडून दिवसभर इंग्रजी शब्द बडवून घेणारा हा माणूस, आणि रुमालाने मान पुसायला लागला. त्यांच्या पाठीमागच्या खिडकीतून रस्त्यापलीकडच्या लॉजची इंग्रजी पाटी दिसत होती. लाल रंगात, हातभर उंच अक्षरांत 'हायवे'. तिन्ही अक्षरं त्या एका शब्दात. रोज ती पाटी बघणाऱ्याला तोच शब्द सुचू नये?

"हायवे चालेल का, मास्तर?"

त्यांचं हसू गेलं. आपल्या मशिनची खोड त्यांना पाठ होती. तिन्ही अक्षरं ऐकताच ते सगळं समजले होते.

मी एका बोटाने एकेका मशिनवर 'हायवे' टाइप करत गेलो. भिंतीकडच्या मशिनवर शेपूट तुटलं, एच उडाला, डब्ल्यू भरला. तेव्हा मला आनंद झाला. लिहायला लाज वाटते, पण झाला.

"इथे कोण बसतं?"

"बरीच पोरं बसतात."

तेवढ्यात संध्याकाळची बॅच आली. प्रत्येकाचं मशीन ठरलेलं. एक मुलगी सरळ माझ्याच दिशेने आली आणि वर्दी बघून थबकली. मी तिला ओळखलं. मेलेल्या बाईची धाकटी बहीण. पंचनाम्याच्या वेळी शेडसमोर उभी राहून थोरल्या बहिणीला 'बाय, बाय' म्हणून हाका मारत होती.

मास्तर हळूच म्हणाले, "साहेब, परीक्षा आलीय तिची. तेवढी होऊ दे."

बाईमाणसाला जबाबासाठी ठाण्यावर आणायचं नसतं, हा नियम मला येत होता. तरी आणलं. बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं, येणारे-जाणारे बघतील अशी.

"अर्ज तू लिहिलास?"

"होय."

"कोणी सांगितलं?"

"कोणी नाय. डिक्शनरी घेऊन बसले."

"मराठीत का नाही लिहिलास?"

"मराठीत लिवला असता तर तुमच्याकडेच आला असता."

इंग्रजीतलाही माझ्याकडेच आला होता. ते मी तिला सांगितलं नाही.

खोटा अर्ज म्हणजे गुन्हा, असं मी दरडावलं. ती हलली नाही. मास्तरांनाही आत घेईन म्हटल्यावर तिने मान खाली घातली. 'ऐकीव माहितीवर लिहिले, माफी असावी' असा जबाब मी तिच्यापुढे सरकवला. पेन हातात धरून ती म्हणाली, "साहेब, दार उगडा होता, तर माजी बाय भायेर का नाय आली?"

मी म्हटलं, "सही कर."

तिने केली. 'अर्जात तथ्य नाही' असा अहवाल मी पाठवला. मशीन मुद्देमाल म्हणून जप्त केलं होतं. ते सोडवून द्यायची तसदी घेतली नाही. मुद्देमालाच्या कोठडीत ते गंजलं. परीक्षा तिच्याविना होऊन गेली. पुढच्या हंगामात कारखान्यात काही कामाने गेलो, तर ती त्याच शेडमध्ये काजू फोडत बसली होती. बोटं टरफलातल्या डिकाने काळी पडलेली. मला बघून उठली आणि बाजूला होऊन वाट दिली.

मुदतीआधीच मी नोकरी सोडली. कारण तब्येतीचं दिलं.

या प्रकरणाने काय शिकवलं? मला तपास येत होता, एवढंच. तीन अक्षरांवरून मी एक मुलगी शोधून काढली. दाराच्या तपासाला भिंगही लागलं नसतं. त्या दुपारी मी शेडवर पोचलो तेव्हा कोयंड्यासकट उचकटलेलं कुलूप उंबऱ्याशी पडलं होतं, शेजारी पहार. शेट बाजूलाच उभे होते. त्यांनी काही मागितलं नव्हतं, काही देऊही केलं नव्हतं. पंच यायच्या आधी मी ते कुलूप बुटाने गवतात सारलं.

तिने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर एवढंच होतं.