पाण्यात उतरू नये

नसरीन गेल्याचं मला आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं. कुणाच्या तरी भाचीला मेडिकलला नंबर लागल्याचा फोटो, त्याखाली फुलांचे गुच्छ, त्याखाली नसरीनचा एक जुना धूसर फोटो आणि ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, आणि लगेच त्याखाली परत त्या भाचीला पेढा. काही जणांनी तर घाईत दोन्हींना मिळून एकच अंगठा दाखवला होता. मी लातूरच्या माझ्या स्वयंपाकघरात उभी होते, गॅसवर दूध होतं. ते उतू गेलं ते मी नुसतं बघत राहिले... दुपारी नांदेडला पोचले तेव्हा माणसं कब्रस्तानातून परत येत होती. पोटाच्या कर्करोगानं तिला वर्षभर कुरतडलं होतं, त्यामुळे धक्का बसला असं म्हणणार नाही. शिसारी मात्र आली, आणि ती अजून गेलेली नाही. दीड महिना झाला, म्हणून आता लिहितेय.

नसरीन इनामदार लहान मुलांसाठी पाण्याची खेळघरं बनवायची. स्प्लॅश पार्क म्हणतात तसली. पोहण्याचा तलाव नव्हे, घसरगुंडीचा वॉटरपार्कही नव्हे. सपाट खरबरीत फरशी, तिच्यातून उडणारे फवारे, डोक्यावरून ओतणाऱ्या बादल्या, आणि खाली साचणारं पाणी काहीच नाही, म्हणजे बुडायची भीती नाही. तेच पाणी खाली टाकीत जाऊन, गाळून, परत वर यायचं. मराठवाड्यात राहून हा उद्योग करते म्हटल्यावर लोक हसायचे. प्यायला पाणी नाही तिथं ही बाई पोरांना भिजवायला निघालीय! ती शांतपणे सांगायची, “तुमच्या एका गाडीच्या धुण्यात माझी चाळीस पोरं भिजतात.”

आमची ओळख भूकंपानंतरची. किल्लारीकडच्या एका गावात पत्र्याच्या शेडमध्ये तात्पुरती शाळा भरायची, तिथं मी नवीकोरी शिक्षिका होते. नसरीन नुकतीच इंजिनिअर होऊन नांदेडहून मदतपथकाबरोबर आली होती, पाण्याच्या पाइपलाइनच्या कामाला. वडिलांचं नळ-पाइपांचं दुकान, त्यामुळे पाना-पक्कड तिच्या हातात लहानपणापासून. आमच्या शाळेत शकू नावाची सहा-सात वर्षांची एक मुलगी होती. ढिगाऱ्याखालून काढलेली. केसांत माती तशीच गच्च, पण डोक्याला कुणाला हात लावू द्यायची नाही. डोक्यावर पाणी पडलं की डोळे मिटावे लागतात, आणि डोळे मिटले की तिला ती रात्र आठवायची. तिची आजी तांब्या घेऊन मागं धावायची आणि ही शेतात पळायची. नसरीननं दोन दिवस हे पाहिलं. तिसऱ्या दिवशी तिनं एक प्लास्टिकचा पाइप घेतला, तापवलेल्या खिळ्यानं त्याला भोकं पाडली, दोन बांबूंना आडवा बांधला आणि टाकीला जोडून दिला. कुणाला बोलावलं नाही, काही सांगितलं नाही. स्वतः खाली बसून पायावर पाणी घेत राहिली. आधी दोन-चार पोरं आली, मग सगळी शाळा. शकू लांब उभी. मग तिनं नुसता हात पुढं केला, मग कोपर, मग खांदा... आणि कुणीही न सांगता मान घातली. तिच्या केसांतून मातीचं लाल पाणी वाहत होतं. तिची आजी तांब्या हातात धरून रडत होती.

त्याच वेळी जीपमधून पाहुणे उतरले. त्यातला कॅमेरेवाला पोरांचा तो दंगा पाहून वैतागला. म्हणाला, “अरे हसू नका रे! जरा गप उभे राहा. तू, पोरी, डोळे पूस... नको, नको पुसूस, तसंच राहू दे.” नसरीन उठली. पाइपाचं एक टोक सोडवलं आणि सरळ त्याच्यावर धरलं. कॅमेरा, सफारी, बूट, सगळं. “आता तुमचाच काढा फोटो,” ती म्हणाली, “तुम्ही लई दुःखी दिसून राहिले.” पथकातून तिला समज मिळाली. घरी गेल्यावर अब्बांनी विचारलं, “इंजिनिअर झालीस अन् नळ गळके करून राहिलीस व्हय?” हे मला तीच पोट धरून हसत सांगायची.

पण तिची दिशा तिथंच ठरली. पुण्याकडे वॉटरपार्क बांधणाऱ्या एका कंपनीत ती काही वर्षं होती. तिथून ती परत आली ती एका रिसॉर्टमुळे. बेबी पूल नावाचा गुडघाभर डोह, कोमट, हिरवट, तरंगणारे केस, कुरकुऱ्यांच्या पिशव्या, काठावर गुटख्याच्या पिचकाऱ्या, आणि त्यात लंगोटासकट बसवलेली बाळं. शेजारी आयबाप रेन डान्सला. मालक तिला म्हणाला होता, “क्लोरीन जास्त टाका, वास मारला की लोकांना स्वच्छ वाटतं.” तिनं तिथंच राजीनामा सांगितला. मला फोनवर म्हणाली, “सुनंदा, म्हशी पण उतरणार नाहीत गं त्या पाण्यात. अन् हे लेकरांना उतरवून राहिले. पैलं मी आंघोळ केली, मग राजीनामा लिवला.”

नांदेडला अब्बांच्या दुकानावरच्या खोलीत तिनं स्वतःचं ऑफिस थाटलं. कुठलंही काम घेतलं की ती आधी त्या जागेवर उकिडवी बसून फिरायची. साडेतीन फुटांवरून जग कसं दिसतं ते बघायला. भर उन्हात फरशीला तळवा टेकून बघायची. पाणी खेचणाऱ्या जाळ्यांवर स्वतःच्या वेणीचं टोक सोडून बघायची, अडकतं का म्हणून. मुलाला स्वतःच्या हातानं पाणी सुरू करता आलं पाहिजे, हा तिचा हट्ट. “आपण चालू केलं तर तो पाऊस. त्यानं चालू केलं तर तो खेळ,” असं म्हणायची.

लातूरची पाणीबाग तिचं सगळ्यात मोठं काम. नाव मुलांनीच पाडलेलं. ती बाग होती क्लासेसच्या वस्तीला लागून. तोवर आमच्या शहराचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. घरांवर मजले चढले होते, मजल्यांवर हॉस्टेलं, भिंतीभिंतींवर टॉपरांचे चेहरे. मुरुडपासून धर्माबादपर्यंतची पोरं सोळाव्या वर्षी आईबाप इथं आणून सोडायचे, एकेका खोलीत चार-चार. रविवारी संध्याकाळी ही मोठी पोरं पाणीबागेच्या जाळीला तोंड लावून उभी राहायची. आत बारा वर्षांपर्यंतच प्रवेश. एकदा नसरीननं ते पाहिलं आणि वॉचमनला म्हणाली, “सोडा त्यांना.” तो म्हणाला, “मॅडम, घोडे झालेत हे.” “पोरंच हायत. बघा की तोंडं त्यांची.” मिशा फुटलेली ती पोरं पहिली पाच मिनिटं लाजत होती. मग मी जे बघितलं ते विसरणार नाही. ती ओरडत होती. नुसती ओरडत होती, काही शब्द नव्हते त्यात.

दुसऱ्याच आठवड्यात एक सर तिला भेटायला आले. एका मोठ्या क्लासचे संचालक, नाव घेऊन लेखणी विटाळत नाही. सगळं शहर त्यांना नुसतं ‘सर’ म्हणतं. मी तिथंच बसले होते. “मॅडम, तुमचं कार्य महान आहे,” ते म्हणाले. “फक्त आमची मुलं भिजतात, शिंकतात, टेस्ट बुडते. रविवारी बंद ठेवलं तर बरं.” नसरीन म्हणाली, “सर, तुमच्याकडं रविवारी पण टेस्ट असते?” ते अभिमानानं म्हणाले, “सकाळ-संध्याकाळ दोन्ही.” ती त्यांच्याकडे बघत राहिली, एखाद्या तुंबलेल्या गटाराकडे बघावं तसं. बाग रविवारी चालूच राहिली. सरांनी ते लक्षात ठेवलं.

मग तो मोठा दुष्काळ आला. शहराला पाणी रेल्वेनं आणावं लागलं, ते दिवस. कुणी सांगायच्या आधी, उन्हाळा लागायच्याही आधी, नसरीननं पाणीबाग बंद केली. टाकीतलं पाणी वापरायला शेजारच्या वस्तीला दिलं आणि मुलांसाठी फाटकावर स्वतःच्या अक्षरात पाटी लावली, ‘पाऊस पडला की उघडू.’ तरीही एका सकाळी मोर्चा आला. ‘जनता तहानलेली, यांची चैन चाललेली.’ पुढं क्लासची पोरं, त्यांना तास सोडून आणलेलं. ती समजावून सांगायला पुढं झाली तेव्हा कुणीतरी तिच्या तोंडाला काळं फासलं. कॅमेरे तयारच होते. माझ्या मावसबहिणीचं घर सरांच्या बंगल्याला लागून आहे. त्याच दुपारी त्या बंगल्यात टँकर शिरला, आणि संध्याकाळी भिंतीपलीकडून पोहण्याच्या टाकीत उड्या मारल्याचे आवाज येत होते.

मी तिला घरी आणलं. बादलीभर पाणी तिच्यापुढं ठेवलं. तिनं त्यातला एक तांब्या घेतला, बाकी मागं सारला. तेल लावून, तेवढ्याच पाण्यात फडकं भिजवून, पिळून, परत भिजवून तिनं तोंड पुसलं. कानामागं काळं राहिलंच. म्हणाली, “थुंकावंसं वाटून राहिलं गं... पण त्याला पण तोंडात पाणी लागतं.” आणि आम्ही दोघी हसलो. फार घाणेरडं हसू होतं ते.

पुढं पाऊस झाला, चांगला झाला, पण बाग काही उघडली नाही. महापालिकेत ठराव झाला आणि जागा पार्किंगला गेली, क्लासच्या मुलांच्या गाड्यांसाठी. फवाऱ्यांच्या तोंडांत सिमेंट भरलं. नसरीनला एकदा बघायचंच होतं. तिच्या खरबरीत फरशीवर काळं तेल सांडलेलं, जाळ्यांत चहाचे कप, एका कोपऱ्यात लोक चक्क उभं राहून लघवी करत होते. बादलीच्या खांबावर पुढच्या बॅचची जाहिरात. ती म्हणाली, “चल. मळमळायला लागलंय मला.” नंतर मला वाटत राहिलं, दुखणं तेव्हाच सुरू झालं असेल. डॉक्टर असलं काही मानत नाहीत.

तिचं शेवटचं काम बिलोलीजवळच्या एका अंध मुलांच्या निवासी शाळेतलं. मला ती त्याबद्दल नीट काही सांगायची नाही. “तू येऊनच बघ,” एवढंच. आजारपणात सारखं म्हणायची. माझं जाणं राहून गेलं.

ती गेल्यावर पंधरा दिवसांनी लातुरात शोकसभा झाली. कुठं, तर सरांच्या क्लासच्या एसी हॉलमध्ये. मंचावर तिचा फोटो, मागं सरांच्या टॉपरांचे फोटो तसेच, काढायची तसदीसुद्धा घेतली नव्हती. सर बोलायला उठले. पाणी म्हणजे जीवन, नसरीनताई म्हणजे वाहता झरा, मुलांवर त्यांची माया... आवाज भरून आला त्यांचा. मग पडद्यावर एक चित्र आलं. पार्किंगच्या तोंडाशी नसरीनच्या नावाचं स्मृतिकारंजं होणार होतं. रंगीत दिवे, संगमरवरी कमळ, भोवती कमरेएवढं लोखंडी कुंपण. आणि कुंपणावर एक सुबक पाटी: ‘पाण्यात उतरू नये.’

टाळ्या वाजल्या. मी उभी राहिले. म्हणाले, “सर, तुमच्या मोर्चानं तिच्या तोंडाला काळं फासलं होतं. ते तिनं माझ्या घरात एका तांब्यात पुसलंय. हे कारंजं नको. तिचं नाव तुमच्या कुंपणावर नको.” शेजारच्या बाईनं माझा पदर ओढला. सर जराही हलले नाहीत. हात जोडून गोड आवाजात म्हणाले, “मॅडम भावनाविवश झाल्या आहेत, आपण समजू शकतो. दोन मिनिटं मौन पाळू या.” आणि सगळे उभे राहिले, आणि त्या मौनात मला बोलता येईना. मौनाचंही असं बूच करता येतं, हे त्या दिवशी कळलं. बाहेर चहा आणि समोसे होते. लोक समोसे खाताना माझ्या जवळ येऊन हळूच म्हणत होते, “बरोबर बोललात तुम्ही.” त्यांच्या बोटांना तेल लागलेलं होतं. मला त्या तेलाची अजून किळस येते.

कारंज्याच्या पाटीसाठी तिचा ‘डोक्यावर पदर असलेला’ फोटो आहे का, असं विचारणारा फोन सरांच्या ऑफिसातून आला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी बिलोलीची एसटी धरली.

शाळा छोटी आहे. मागच्या अंगणात तिचं ते काम. मोठ्या बाई मला दाखवायला निघाल्या, पण रेशमा नावाच्या दहा-अकरा वर्षांच्या मुलीनं माझा हात धरला. “मी दावते. चपला काढा.” तिनं चाकासारखी एक कळ फिरवली आणि अंगण बोलायला लागलं. एक फवारा पत्र्यावर पडत होता, एक मडक्यावर, एक दगडावर, एक तांब्याच्या पातेल्यावर, प्रत्येकाचा आवाज वेगळा. मुलं त्या आवाजांच्या अंदाजानं धावत होती, वळत होती, कुणी कुणाला धडकत नव्हतं. “पत्र्याकडून मडक्याकडं जायचं,” रेशमा सांगत होती, “मधी काय न्हाई, सरळ या.” मी सरळ गेले. आणि अगदी मध्यावर, खालून, जराही आवाज न करता, गार पाण्याचा एक लोट माझ्या साडीत, तोंडावर, चष्म्यावर आला. मी किंचाळले. सगळं अंगण हसायला लागलं. पोरं त्याचीच वाट बघत उभी होती.

“ह्याला आवाज न्हाई,” रेशमा हसू आवरत म्हणाली. “नवीन माणूस आला की आम्ही त्याला हितंच आणतो. नसरीनबाईंनी मुद्दाम केलाय.”

“तिला माहीत असेल ना पण, कुठं आहे ते?” मी विचारलं. चष्मा पुसायला कोरडं काहीच उरलं नव्हतं.

“हाव. त्यांनीच तर बनवला. पर त्या दर टायमाला हितनंच जायच्या,” ती म्हणाली, “अन् तुमच्यापेक्षा लई जोरात वरडायच्या.”