इवाईच्या विमानाचं मागचं चाक

आमच्या इवाईसारखा रिकामा उद्योगी माणूस गोंदिया जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि एका जिल्ह्याला असे दोन झेपलेही नसते. इवाई म्हणजे माझ्या पोरीचे सासरे. पुण्याकडचे लोक व्याही म्हणतात. आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते म्हणजे त्यांच्या विमानाला मागचं चाक बसवलं. मी अंगणात खाटेवर बसून विमान पोटाशी उलटं दाबून धरलेलं, बकरीचे खूर कापताना धरतात तसं. इवाई चष्मा कपाळावर चढवून, दातांत तार धरून त्याच्या शेपटीत डोकं घालून बसलेले. दोघांचीही साठी केव्हाच ओलांडलेली. रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण थांबायचा आणि विचारायचा, "काय झालं जी त्याले?" इवाई दातांतली तार न काढता सांगायचे, "पायाचं ऑपरेशन आहे."

विमान म्हणजे माणूस बसायचं नव्हे, रिमोटनं उडवायचं. पण त्याला खेळणं म्हटलं की इवाई जेवण अर्धं सोडत. दोन हात लांब, पंख त्याहून मोठे, खरं इंजिन, खरा पंखा. इवाईंनी सारा जन्म रेल्वेत गार्ड म्हणून शेवटच्या डब्यात काढला, त्यामुळे पुढे काय आहे ते त्यांना कधी दिसलंच नाही, असं माझी बायको म्हणायची. रिटायर झाल्यावर लोक देवाधर्माला लागतात. यांनी कलकत्त्याहून विमानाच्या सुट्या भागांची पेटी मागवली आणि घराच्या गच्चीवर तुकडे जोडत बसले. गोंदियात उडवायला जागा कुठली, जिकडे तिकडे तारा. म्हणून धान निघून बांध्या, म्हणजे बांध घातलेली भातशेतं, सुकल्या की इवाई पॅसेंजरनं आमच्या गावाला, अर्जुनी मोरगावकडे, हजर. विमान चादरीत गुंडाळलेलं. खिडकीची जागा त्याला, आपण उभे. एकदा गाडीत एका बाईनं विचारलं, "भाईसाब, बच्चा सो रहा है क्या?" तर म्हणाले, "हाँ बहन, जरा धीरे बोलो." हे त्यांनीच मला सांगितलं, तेही मोठ्या अभिमानानं.

नोकरी सुटली तरी गार्डपण सुटलं नव्हतं. इंजिन चालू झालं की आधी शिट्टी, मग हिरवी झेंडी, आणि त्यानंतरच विमान. उतरवताना लाल. रिमोट दोन्ही हातांत असल्यामुळे झेंड्या मला धराव्या लागत. मी एकदा स्पष्ट म्हटलं, "इवाई, त्याले डोळे नाही. कोणाले दाखवून राहिलो मी?" ते म्हणाले, "डब्यांनाही डोळे नव्हते. पण झेंडीशिवाय गाडी हलली का कधी?" मी झेंडी उचलली. त्या इंजिनच्या तेलात एरंडीचं तेल असायचं. विमान उडालं की साऱ्या आळीत तोच वास, आणि शेजारची म्हातारी दारातून विचारायची, "आज कोणाचं पोट साफ करून राहिले बाप्पा?"

आमच्याकडे इवाईचा मान मोठा. त्याला खाली बसवत नाहीत, काम सांगत नाहीत, ताट उचलू देत नाहीत. माझ्या बायकोनं पहिल्या वर्षी हे सगळं पाळलं. दुसऱ्या वर्षी तिनं सांगून टाकलं, "इवाई म्हणून आले असाल तर खाटेवर बसा. विमानवाले म्हणून आले असाल तर ते तणस बाजूले करा, तुमचं विमान रोज त्याच्यातच घुसते." इवाई भाताच्या पेंढ्याचं ते तणस उचलायला गेले. त्या दिवसापासून ते आमच्या घरचे झाले. झिंग्याची चटणी दोनदा मागून घ्यायला लागले.

आता खरी अडचण सांगतो. विमानाला पुढे दोन चाकं होती, आणि मागे नुसती एक वाकवलेली तार. जमिनीवर पळवायला जावं तर शेपूट भलतीकडेच सरकायचं आणि विमान तोंड फिरवून आमच्याकडे पाहत उभं राहायचं. म्हणून ते हातानं फेकून सोडावं लागे. इवाईंनी फेकलं की नाकावर. मी फेकलं की आधी आभाळाकडे तोंड, मग पाठीवर. एक दिवस बायको भाकर घेऊन बांधीवर आली, आमचा तमाशा पाहिला आणि म्हणाली, "आणा इकडे."

तिला फेकायचं शिकवायची गरज नव्हती. रोवण्यात, म्हणजे भाताच्या लावणीत, बायका चिखलात रांगेनं वाकलेल्या असतात, आणि बांधावर उभी एक बाई त्यांना धानाच्या पऱ्ह्यांच्या, म्हणजे रोपांच्या, पेंड्या फेकत असते. आमच्या बांध्यांत हे काम माझ्या बायकोचं. तिची पेंडी जिला पाहिजे तिच्या हातापुढे उभी पडायची, कोणाच्या लुगड्यावर चिखलाचा थेंब नाही. तिनं पदर खोचला, बांधावर दोन पावलं चालली आणि विमान सोडलं. ते असं सरळ गेलं की इवाई रिमोट फिरवायचंच विसरले. "इहीणबाई, कुठे शिकल्या?" त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "चिखलात. तुम्ही वर पाहा, ते तलावाकडे चाललं." पुढे कितीतरी उन्हाळे हाच रिवाज झाला. इवाई उडवायचे, मी झेंडी धरायचो, आणि फेकायची ती.

मग रोवणा अर्धा झाला असताना ती गेली. ताप डोक्यात गेला, चार दिवसांत संपलं. उरलेल्या बांध्या पुतण्यानं कशाबशा लावल्या, मी तिकडे पाहायलाही गेलो नाही. धान कापून झालं तेव्हा मी त्याला सांगून टाकलं की पुढच्या वर्षी रोवणा नाही, जमीन पडून राहू दे. बांधावर दुसरी कोणी उभी राहिलेली मला पाहायची नव्हती. पुतण्या कावला, पोरगी फोनवर रडली, पण मी एकदा नाही म्हटलं की नाही.

त्या उन्हाळ्यात इवाई येणार नाहीत असं मी धरून चाललो होतो. ते आले. काखेत चादरीतलं विमान, आणि खिशात सुपारीएवढं रबरी चाक.

"कायले आणलं हे?" मी विचारलं.

"पुढच्या महिन्यात पुण्याला चाललो. पोरानं फ्लॅट घेतला, तुमची पोरगीही मागे लागली आहे. जायच्या आधी एकदा उडवू."

"अन् फेकन कोण?"

"कोणीच नाही. हे वळणारं चाक आहे. मागे बसवू. आपल्या पायानं जाईल."

माझं डोकं सणकलं. "तिच्या हाताची जागा ह्या सुपारीले देता का?"

इवाईंनी चाक बोटांत फिरवलं. मग म्हणाले, "त्यांच्यासारखी फेकणारी मला कुठेच मिळाली नसती, इवाई. म्हणून तर माणूस शोधला नाही. चाक आणलं."

मी खाटेवर बसलो आणि विमान उलटं धरलं.

काम समजायला सोपं होतं. शेपटीला एक उभी फळी असते, तीच डावी-उजवी वळते. तिच्या बुडाशी चाक बसवायचं आणि दोन बारीक स्प्रिंगांनी फळीला जोडायचं, म्हणजे फळी वळेल तिकडे चाक वळेल. स्प्रिंगा बॉलपेनांतून काढल्या होत्या. एक हातातून उडाली ती कोंबडीनं उचलली, आणि इवाई त्या वयात तिच्यामागे गोठ्याला चक्कर मारून आले. शेवटी तिसरं पेन फोडलं.

जमीन सपाट पाहिजे म्हणाले. आम्हाला सपाट जमीन एकच माहीत, खळ्याची. म्हणून मी बांधीत लांब पट्टा शेणानं सारवून काढला. इवाई म्हणाले, "वा, गोंदियाच्या प्लॅटफॉर्मपेक्षा साफ." वाळायला हवं हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. शिट्टी झाली, मी हिरवी दाखवली, विमान निघालं, आणि ओल्या शेणात घसरून जे वळलं ते वळतच राहिलं. इवाई डावीकडे दाबत तर ते उजवीकडे. विमान उलटं धरलेलं, त्यात आम्ही डावी स्प्रिंग उजव्या बाजूला अडकवली होती. मळणीच्या बैलासारखं ते गोल गोल फिरायला लागलं, बैलापेक्षा जरा जास्तच तावात, आणि मधल्या खुंट्याच्या जागी इवाई. पंखा अंगावर यायला लागला तसे ते रिमोट डोक्यावर धरून बांधाकडे पळाले आणि ओरडले, "लाल दाखवा, इवाई, लाल." मी लाल दाखवली. विमानानं मानली नाही. सारवण दोघांच्या कपड्यांवर आलं. मी झेंडी टाकून खाली बसलो आणि हसलो, पोट धरून. ती गेल्यापासून हसलो नव्हतो. इवाई बांधावरून म्हणाले, "हसा. पण आधी इंजिन बंद करा."

ऊन कडक होतं, दुपारपर्यंत पट्टा वाळला. स्प्रिंगा बदलल्या. या खेपेला विमान निघालं ते थोडं डावीकडे झुकलं, इवाईंनी इतकंसं दाबलं, चाक वळलं आणि ते पुन्हा सरळ धावायला लागलं. आधी शेपूट वर आलं. मग पुढची चाकं सुटली. तलावावरून मोठा वळसा घेऊन ते आमच्या डोक्यावर आलं.

"गेलं," इवाई म्हणाले.

"चांगलं गेलं," मी म्हटलं. "पण तिच्या हातचं जात होतं तसं नाही."

"नाहीच. तसं कुठून जाणार."

मग दोघेही वर पाहत राहिलो. तेल संपत आलं तेव्हा इवाईंनी ते उतरवलं.

आता ते पुण्याला सातव्या मजल्यावर राहतात. गुडघे त्यांचेही गेले, माझेही. फोनवर सांगतात की बाल्कनीतून मोठी विमानं दिसतात, पण उडवणाऱ्यांना शिस्त नाही. मी विचारतो, कोणती शिस्त? तर म्हणतात, "इवाई, तुम्ही इथे असता तर समजलं असतं." आवारातल्या पोरांना विमान दाखवतात, हात लावू देत नाहीत. मला या म्हणतात. मी येतो म्हणतो.

विमान उडवलं त्या दिवशी ते संध्याकाळच्या पॅसेंजरनं गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुतण्याच्या घरी गेलो. तो नव्हता, त्याची बायको अंगण झाडत होती; आमच्याकडे सुना सासऱ्याला मामाजी म्हणतात, ती मलाही तेच म्हणते. मी उभ्या उभ्याच सांगितलं, "यंदा रोवणा करू. पेंड्या तू फेकशील."

तिनं झाडू थांबवला. "मले त्यांच्यासारखा नेम नाही जी, मामाजी. कुठंबी पडतील."

"पडू दे," मी म्हटलं. "बायका घेतील वाकून."