चाकातला खिळा मी उपटला

माझी सून गाडीच्या चाकाचं पंक्चर स्वतः काढते, हे मी आधी कुणाला सांगत नव्हते. सरकारी दवाखान्यात नर्स असलेली बाई, रस्त्यात उकिडवी बसून टायर खरवडते, हे सांगण्यासारखं वाटत नव्हतं. आता विचारलं नाही तरी सांगते.

ते पंक्चरचं किट तिनं मोबाइलवरून मागवलं होतं. खोकं घरी आलं तेव्हा मी ते उघडून पाहिलं. आत दोन लोखंडी हत्यारं, दोन्हीला गिरमिटासारखी आडवी मूठ. एक सळई कानशीसारखी खरबरीत. दुसरी म्हणजे सरळ सरळ दाभण, पोती शिवायचं असतं तसं, फक्त नेढं मोठं. एक ट्यूब, चिकट रसाची. आणि रबराच्या तपकिरी वाती, काकवीत बुडवून काढल्यासारख्या.

"गावातला पंक्चरवाला मेला का?" मी विचारलं.

"मेला न्हाई मामी, पण मी जिथं अडकते तिथं तो नसतो," ती म्हणाली. आमच्याकडे सुना सासूला मामीच म्हणतात.

लातूरहून येताना ती एकदा चाक बसल्यामुळे दोन तास रस्त्यावर उभी राहिली होती. तेव्हापासून तिच्या डोक्यात हे होतं. व्हिडिओ बघून बघून ती शिकली. अंगणात एक जुनं टायर आणून त्याला स्वतःच भोकं पाडायची आणि स्वतःच बुजवायची. मी म्हणायचे, रिकामे उद्योग.

मागच्या वैशाखात सकाळी सात वाजता उमरीहून फोन आला. माझी थोरली नणंद गेली. मी तिला आक्का म्हणायचे. तिचं नि माझं कधी फार जमलं नाही. ती माझ्या भाकरीला नावं ठेवायची, मी तिच्या जिभेला. पण ती सवाष्ण गेली होती, आणि आमच्याकडे सवाष्ण बाई गेली की अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं पडतं. सासरचं खाली, माहेरचं वर. ते येईपर्यंत उचलत नाहीत.

आक्काचं माहेर म्हणजे आमचं घर. तिचा भाऊ, म्हणजे माझा नवरा, जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून तिचा धाकटा दीर तिला येता-जाता ऐकवायचा, "वैनी, भाऊ गेला, तुमचं माहेर सपलं." आक्का मला हे फोनवर सांगायची आणि वर विचारायची, "खरंच सपलं का गं?" मी म्हणायचे, मी हाय न्हवं. आता हे बोलणं निभावायची वेळ आली होती. मेलेल्या माणसाला काय कळतं, हे मीही म्हणते. पण जिवंत माणसं बघत असतात.

भाच्यानं फोनवर सांगितलं, एक वाजता माती आहे. ऊन फार, त्याच्यापुढं ठेवता येणार नाही. माझा मुलगा नोकरीला सुरतेत. म्हणजे राहिलो आम्ही दोघी. जळकोटात ओळखीच्या दुकानदाराला घरून उठवून आणलं, हिरवं लुगडं आणि खण घेतला आणि साडेनऊला निघालो. गाडी सून चालवत होती.

मुखेड मागं पडल्यावर चाकातून टक् टक् आवाज यायला लागला. सुनेनं गाडी बाजूला घेतली, उतरून पाहिलं. पुढच्या डाव्या चाकात खिळा घुसला होता. डोकं वर दिसत होतं.

"हवा हाय अजून," ती म्हणाली. "खिळ्यानंच भोक धरून ठिवलंय. हळूहळू नायगावपर्यंत जाऊ, तिथं बघू. थोडी हवा भरून घेते." आणि ती हवेचा लहान पंप काढायला मागं गेली.

मी चाकाजवळ उभी. खिळा डोळ्यांसमोर. आयुष्यभर शेतात गेलेली बाई मी. पायात काटा घेऊन कुणी चालतं का? काटा दिसला की काढायचा, मग पुढं जायचं. मी कमरेच्या चंचीतून अडकित्ता काढला, खिळ्याचं डोकं त्यात पकडलं, पिळलं आणि उपटलं.

फुस्स करून हवा माझ्या तोंडावर आली. सून पंप घेऊन धावत येईपर्यंत चाक बसलं होतं. माझ्या एका हातात अडकित्ता, एका हातात खिळा.

तिनं चाक बघितलं, मग माझा हात. मी म्हटलं, "काढला."

"दिसतंय," ती म्हणाली. बस्, एवढंच. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं, मीही दोन शब्द बोलले असते. तिनं पदर खोचला, म्हणजे ओढणी कमरेला बांधली, आणि डिकी उघडली.

जास्तीचं चाक होतं. पण गॅरेजवाल्यानं चाकाचे नट यंत्रानं आवळलेले. तिनं पाना लावून जोर केला, मग पान्यावर उभी राहिली, मग मीही उभी राहिले. नट हलले नाहीत. ते सोडून दिलं. मग तिनं जॅक लावून गाडी उचलली, स्टेअरिंग पूर्ण वळवलं, म्हणजे चाकाचं तोंड बाहेर आलं, आणि चाक हातानं फिरवून भोक आपल्यासमोर आणलं. हे मला सुचलं नसतं. चाक न काढता पंक्चर काढायचं म्हणजे पायातला जोडा न काढता शिवण्यासारखं.

अकरा वाजले होते. मी भाच्याला फोन लावला.

"मामी, धाकटे काका ऐकंनात. लुगडं इथल्याच दुकानातनं आणून राहिलेत. म्हणतात, माहेरचं म्हणून टाकू, कुणाला काय कळतंय."

"मला कळतंय," मी म्हटलं. "माझं लुगडं निघालंय म्हणून सांग त्यांना."

"निघालंय कुठवर?"

मी फोन ठेवला.

सुनेनं खरबरीत सळईला रस लावला आणि भोकात घालायला लागली. सळई शिरेना. तिनं अंगाचा भार टाकला, तरी शिरेना.

"मामी, खिळा सरळ घुसला होता का तिरपा?"

मी खिळा दाखवला, वाकडा झालेला. मग आठवलं, उपटताना माझं मनगट डावीकडं गेलं होतं. "तिरपा. असा, खालून वर." मी हातानं दाखवलं. तिनं सळई तशी तिरपी धरली, आणि ती आत गेली. मग आत-बाहेर, आत-बाहेर. जात्याच्या दगडाला टाकी लावताना येतो तसा करकर आवाज. तिच्या कोपरावरून घाम गळत होता.

एवढ्यात मोटारसायकलवरून दोघं आले, मुखेडच्या दिशेनं निघालेले. थांबले. पुढचा मिशीवाला म्हणाला, "काय झालं ताई?"

"पंक्चर."

"मग हे काय करून राहिल्या तुमी?"

"पंक्चर काढून राहिले."

तो हसला. मागच्याला म्हणाला, "बघ रे, बाई पंक्चर काढून राहिली." मग खाली उतरला. "सरका ताई, इकडं द्या. ह्याला जोर लागतो. तुमचं काम न्हाई हे."

सुनेनं मान वर न करता विचारलं, "आधी कधी काढलंय का?"

"न्हाई. पण त्यात काय मोठं?"

"मग गाडीत छत्री हाय, ती धरा माझ्यावर. उन्हानं रस वाळून राहिलाय."

मागचा जो हसला, तो हसतच राहिला. "धर की छत्री. तिला जोर लागत न्हाई." मिशीवाल्यानं छत्री धरली. लेडीज छत्री, फुलाफुलांची. चांगली धरली, तेवढं म्हणायला हवं.

सुनेनं एक वात दाभणाच्या नेढ्यात ओवली, मध्यावर आणली, रस लावला आणि भोकात दाबली. दोन्ही टोकं पेरभर बाहेर ठेवली. मग हळूच दाभण ओढलं. वात दाभणाबरोबर अख्खी बाहेर आली.

मिशीवाला म्हणाला, "आलं की बाहेर."

"दिसतंय मला," ती म्हणाली. तेच शब्द, तोच आवाज. मग माझ्याकडं वळून, "हळू ओढलं मी. घाबरले."

मी तेव्हा तिला पहिल्यांदा कामाचं काही बोलले. म्हटलं, पोतं शिवताना दाभण हळू काढलं की सुतळी मागं येते. सरळ धरायचं, पिळायचं न्हाई, आणि एका हिसड्यात.

तिनं दुसरी वात ओवली. या वेळी दोन्ही हातांनी मूठ धरली, गुडघा जमिनीला टेकवला आणि छातीनं दाबली. चेहरा लाल झाला. वात आत गेली. ती थांबली, श्वास घेतला. मग एकदम हिसडा. दाभण बाहेर, वात आत.

तिनं बाहेरची टोकं ब्लेडनं कापली, पंप गाडीला जोडला. तो घरघरत राहिला. हवा भरायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात मी चार वेळा घड्याळ बघितलं, तिनं एकदाही नाही. शेवटी तिनं भोकावर बाटलीतलं पाणी ओतलं आणि खाली वाकून बघितलं. बुडबुडा आला नाही. पुन्हा ओतलं. नाही आला.

मिशीवाल्यानं छत्री मिटून दिली. "ताई, कुठं शिकल्या तुमी?"

"अंगणात," ती म्हणाली.

मी आयुष्यात कामाची माणसं लई पाहिली. आडात उतरणारे, बैलाच्या खुरातून खडा काढणारे. पण सासूनं काम बिघडवलेलं, उन्हाचा कडाका, वरून बघे, आणि पहिला घाव वाया गेलेला, अशात दुसरा घाव घालणारी ही मी एकच पाहिली. हे मी तिला तोंडावर बोलले नाही. तेव्हा वेळ नव्हता.

बारा वाजून गेले होते. नायगावला पेट्रोल पंपावर हवा पुरी करून घेतली. हवेवाल्यानं वात बोटानं चाचपली. "कुणी टाकलीय? घट्ट बसलीय. हात लावायचं काम न्हाई," म्हणाला आणि पुढच्या गाडीकडं गेला.

उमरीत पोचलो तेव्हा एक वाजून पंचवीस. तिरडी अंगणात बांधून तयार. आक्काच्या अंगावर एक हिरवं लुगडं आधीच टाकलेलं, दुकानातल्या घडीच्या रेघा तशाच.

आक्काचा धाकटा दीर म्हणाला, "उशीर केला तुमी. टाकलं आमी माहेरचं."

"ते माहेरचं न्हाई," मी म्हटलं. "ते काढा."

"आता पुन्हा कुठं..."

आक्काचा नवरा ओट्यावर बसला होता. कानानं बहिरा, पण डोळे माझ्या हातातल्या पुडक्यावर. तो मोठ्यानं म्हणाला, "काढा रे ते. तिचं आलंय."

काढलं.

मी विधवा, लुगडं टाकायला सवाष्णच लागते. मी पुडकं सुनेच्या हातात दिलं. एका म्हातारीनं तिचा हात धरला. "अगं, हाताला काय लागलंय? काळे झालेत."

"वाटेत पंक्चर झालं. काढलं."

"कुणी?"

"मीच."

तिला पाणी आणून दिलं. साबण लावला, माती लावून घासलं. काळं गेलं नाही, रबराचा रस लवकर जात नाही. म्हातारी म्हणाली, "असू दे. टाक तू."

तिनं लुगडं उलगडलं, आक्काच्या अंगावर पसरलं, काठ सारखे केले. काठावर तिच्या अंगठ्याचा काळा ठसा उठला. ती ओल्या ओढणीनं पुसायला वाकली.

मी म्हटलं, "राहू दे. लोक खोळंबलेत."

ती मागं सरकली. धाकट्या दिरानं खांदा दिला, आणि त्यांनी आक्काला उचललं.