दाजींचा तिरप्या रेघांचा पत्ता

जगात पत्ता सांगणारे दोनच प्रकारचे असतात : एक आमचे दाजी आणि दुसरे, ज्यांनी सांगितलेल्या पत्त्यावर माणूस पोचतो.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. भूकंपात त्यांचं गाव भुईसपाट झालं, पुढे ते लातूरला आले आणि क्लासेसच्या भर गर्दीत त्यांनी कॉम्प्युटर कॅफे टाकला. लातूरमध्ये तेव्हा माणसं राहत नसत, टक्केवाऱ्या राहत. त्याच टक्केवाऱ्या क्लास बुडवून दाजींच्या कॅफेत बंदुकांचा खेळ खेळायला येत. मी नांदेडहून पहिल्यांदा त्यांच्याकडे निघालो तेव्हा फोनवर पत्ता मिळाला, "चिंचेपासून डावीकडं." भर उन्हात मी चिंच शोधत फिरलो. चिंचेच्या जागी तीन मजली क्लास उभा होता. जाब विचारला तर म्हणाले, "झाड गेलं म्हणून जागा कुठं जाती का, पाव्हणं?" त्यांच्या वास्तुशांतीच्या पत्रिकेत तर घराकडे येण्याची वाट एवढी सविस्तर छापली की तारखेला जागाच उरली नाही. लोक आठवडाभर येत राहिले आणि अक्का आठवडाभर पुऱ्या तळत राहिली.

अशा या थोर मार्गदर्शकाने एके दिवशी इंटरनेटवरचे पत्ते सुधारायला घेतले. निमित्त होतं महेबूब, त्यांच्या जुन्या गावातला भिंतीला भिंत लागून असलेला शेजारी. भूकंपानंतर त्याचं कुटुंब धर्माबादला गेलं. इकडे दाजींचा पत्ता आधी पत्र्याच्या शेडचा, मग नव्या वसाहतीतल्या प्लॉटचा झाला. महेबूबची पत्रं शेडच्या नंबरावर येऊन परत गेली आणि दोघांनाही वाटलं, समोरचा आपल्याला विसरला. कित्येक वर्षांनी बिलोलीच्या एका लग्नात गाठ पडली, तेव्हा महेबूबचंही कॉम्प्युटरचं दुकान होतं. दर रविवारी खेळात भेटायचं ठरलं. पण भेटायचं तर महेबूबला दाजींच्या सर्व्हरचा, म्हणजे ज्या कॉम्प्युटरवर खेळ चाले त्याचा, इंटरनेटवरचा नंबर टाकावा लागे. वीज जाऊन आली की कॅफेला नवा नंबर मिळे आणि लातूरची वीज जाण्याच्या बाबतीत फार वक्तशीर होती. दाजी फोनवर आकडे सांगेपर्यंत ते शिळे होत. शेवटी महेबूब वैतागला, "राहू दे यार. आपल्या नशिबात नंबरच न्हाई."

हे वाक्य दाजींना लागलं. एकदा नंबरापायी गेलेला माणूस दुसऱ्यांदा नंबरापायी जाणार, या धास्तीने त्यांना जेवण जाईना. मग त्यांनी असा पत्ता बनवायला घेतला, ज्यावर क्लिक केलं की खेळ आपोआप उघडेल आणि नंबर कितीही बदलो, माणूस नावावरून नेमका पोचेल. कॉम्प्युटर मराठी अक्षरं घेईना म्हणून इंग्रजी अक्षरांत लिहावं लागलं, पण वाचायचं ते असं : भेटू://लातूर/खालची-आळी/पार?कोणाचा=

"त्या दोन तिरप्या रेघा कशाला?" मी विचारलं.

"एक वेस, एक उंबरा."

"आणि हे 'कोणाचा'?"

"प्रश्नचिन्हाम्होरं अजून काय इचारायचं असतंय, पाव्हणं? आपल्याकडं पैला प्रश्न हाच!"

कोणाचा ते सांगितल्याशिवाय आत घ्यायचंच नाही, असा कडक बंदोबस्त होता. क्लासच्या एका पोराने तिथे क्लासचं नाव आणि बॅच टाकली. दाजी खुर्चीवरून ओरडले, "बापाचं नाव टाक, मंग घाल गोळ्या!" अक्का म्हणायची, "घरचा नळ गळून राहिला, अन् हे जगाला दार करून राहिलेत."

पत्ता तयार झाल्यावरच्या पहिल्या रविवारी मी लातूरलाच होतो आणि क्लासेसची टेस्ट असल्याने कॅफे रिकामा होता. दाजींनी खेळातला नकाशाही स्वतः बनवला होता, तो मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. वेस, खालची आळी, मशिदीच्या पायऱ्या, महादेवासमोरचा पार, महेबूबच्या वडिलांचं बांगड्यांचं दुकान आणि त्याला लागून दाजींचं घर. भूकंपाने नेलेलं सगळं गाव जिथल्या तिथे उभं होतं. माझ्या जिभेवर आलेला टोमणा मी गिळला.

वीज सकाळीच एकदा जाऊन आली होती, म्हणजे नंबर बदललेला होता. दाजी नखं खात बसले. मग पारावर एक शिपाई उगवला. डोक्यावर नाव होतं, 'मणियारांचा महेबूब'.

दाजींनी एका बोटाने टाइप केलं, "घर सापडलं का नीट?"

पडद्यावर अक्षरं आली, "हाव. दार उघडंच व्हतं."

त्या दिवशी कोणी गोळी झाडली नाही. दोन शिपाई भरल्या बंदुका घेऊन पारावर नुसते उभे होते. चहा घेऊन आलेली अक्का पडद्यावरच्या आपल्या जुन्या घराकडे बघत राहिली. मग डोळ्याला पदर लावून म्हणाली, "महेबूबभाऊला म्हणा, जेवल्याबिगर जाऊ नका."

आता कॅफे नाही आणि दाजीही नाहीत. मी नांदेडला पाहुण्यांच्या फोनवर लोकेशन पाठवतो आणि ते बिनचूक दारात येतात. घर सापडलं का, हे कुणाला विचारावंच लागत नाही. तरी मी विचारतो.