वन्सं प्यायल्या तो रंग

रंगाच्या बाबतीत देवानंतर शब्द कुणाचा, तर आमच्या वन्संचा. आणि त्यातलं ते ‘देवानंतर’ त्यांना स्वतःला फारसं पटत नाही. माझ्या यजमानांची ही थोरली बहीण, हमरापूरला दिलेली. सासरी गणपतींचा कारखाना. सगळा जन्म मूर्ती रंगवण्यात गेला आणि उरलेला वेळ जगाला नावं ठेवण्यात. पेणच्या स्टँडवर एका अनोळखी बाईला थांबवून, “बाय गो, या साडीवर ही चोळी कोनी घालाया सांगितली तुला?” असं त्यांना विचारताना मी स्वतः ऐकलंय. मी आपली लगेच गाड्यांचं वेळापत्रक वाचायला लागले! माझ्या हातचा चहा तर त्या आधी उजेडात धरतात. “पुराच्या पान्याचा रंग हाय. आन, पिते.” आणि वर अजून अर्धा कप मागतात.

तर अशा बाईचे शब्द अडखळायला लागले. फोटो काढल्यावर कळलं, मेंदूत गाठ आहे, वाईट जातीची, आणि नेमकी बोलण्याच्या जागेला चिकटलेली. मुंबईच्या डॉक्टरांनी नीट समजावलं. ऑपरेशनच्या आधी एक औषध पाजतात, ते गाठीत जाऊन बसतं. मग खास निळ्या उजेडात गाठ गुलाबी चमकते, चांगला मेंदू चमकत नाही. काढायचं किती ते डॉक्टरांना दिसतं. वन्संना हे पटकन उमजलं. कारखान्यातही मूर्तीला पांढऱ्या रंगाचा हात दिल्यावरच चिरा दिसतात.

“मंग गुलाबी दिसल तेवढं समदं खरवडा,” वन्संनी हुकूम सोडला.

“आजी, बोलण्याच्या जागेजवळचं सगळं काढलं तर बोलणं जाईल. थोडं ठेवलं तर ते पुन्हा वाढेल.”

त्यांचा मुलगा, माझा भाचा, रडवेला होऊन म्हणाला, “सगळं काढा. आई राह्यली पायजे.”

वन्संनी त्याच्याकडे पाहिलं. “मुकी करून मला काय मखरात बसवतोस?” मग सावकाश डॉक्टरांना म्हणाल्या, “थोडं राहू दे. बोलनं ठेवा.” मूर्तीवर एवढासा डाग दिसला तर सबंध मूर्ती पुन्हा रंगवायला लावणारी ही बाई!

ऑपरेशनच्या दिवशी पहाटे औषध आलं, ते पाण्यासारखं. वन्सं संतापल्या. “ह्याला रंग म्हनतात? फसवतायत गो आपल्याला!” नर्सने हात जोडले तेव्हा कुठे प्यायल्या.

ऑपरेशन झालं, शुद्ध आली, डोळे उघडले. पण तोंडातून शब्द नाही. आम्ही हाका मारतोय आणि त्या नुसत्या बघतायत. डॉक्टर म्हणाले, वाट पाहू. औषध अंगात आहे तोवर उजेडापासून जपायला सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून ऊन आलं, तसा भाच्याने, कारखान्यात रंगवून झालेल्या मूर्तीवर टाकतात तसा, आईच्या तोंडावर पांढरा पंचा टाकला आणि पडदा ओढायला गेला. तेवढ्यात नर्स आत आली. पंचा बघून ती अशी किंचाळली की माझ्या हातातली पिशवीच पडली.

पंच्याखालून आवाज आला, “कोन वरडतंय गो? जिती हाय मी!”

भाचा पडदा सोडून धावत आला आणि खाटेचा दांडा धरून खाली बसला. रडत होता की हसत होता, त्याचं त्यालाच ठाऊक.

गाठीतलं ठेवलेलं ते थोडंसं अजून आत आहे. त्याचं नाव आम्ही कुणी काढत नाही. मी दर आठवड्याला हमरापूरला जाते, वन्सं बोलतात, मी ऐकते. कधी शब्द अडतो. त्या बोट वर करून थांबतात आणि मीही थांबते, पुरवत नाही. परवा माझं नावच अडलं. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या, मग माझा हात ओढून म्हणाल्या, “तूच गो. माज्याजवळ आनखी कोन बसनार?”

मी म्हटलं, “व्हय, मीच.”